पास्ता थांबत नाही: बेळगावातल्या छोट्या इटालियन हॉटेलात जेवायला जाताना

टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प, कॉलेज रोड, खानापूर रोड या भागांत पिझ्झा-पास्त्याच्या छोट्या हॉटेलांची आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. शहापूर-वडगावला साड्यांचा बस्ता बांधायला आलेली निपाणी-चिकोडीकडची मंडळीही पोरांच्या हट्टापायी तिथे शिरतात. बाहेर पडताना तक्रारी मात्र ठरलेल्या असतात: पास्त्याचा गोळा झाला होता, पिझ्झा गार होता, पोट भरलं नाही आणि बिल तेवढं भरलं. यातल्या बऱ्याच तक्रारी ऑर्डर देण्याच्या पद्धतीतूनच उगवतात.

सगळं एकदम मागवू नका

आपल्याकडे हॉटेलात बसलं की मेनू एकदा फिरतो, प्रत्येक जण आपापलं सांगतो, वेटर सगळं एकाच के.ओ.टी.वर (आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) पंच करतो. मग पहिली डिश आली तरी "सगळ्यांचं येऊ दे, मग सुरू करू" म्हणून हात थांबतात. थाळीला हे चालतं. इथे नाही चालत, कारण स्वयंपाकघरात दोन-तीन वेगळे कारभार असतात. भट्टी गरम असेल तर पिझ्झा सहा-आठ मिनिटांत होतो. उकडून ठेवलेला पास्ता सॉसमध्ये परतायला पाच-सात मिनिटं पुरतात. रिसोटो (इटालियन मऊसर भात) खरोखर ऑर्डरनंतर लावला तर वीस मिनिटं लागतात. ज्याचं आधी होतं ते आधी बाहेर येतं आणि टेबलावर गार होत बसतं.

गार होताना सगळ्यात आधी बिघडतो तो व्हाइट सॉस. तो म्हणजे लोण्यात परतलेला मैदा आणि दूध. मैद्यातला स्टार्च थंड होताना आळतो, शिवाय पास्ता आतून सॉसमधलं पाणी ओढत राहतो. दहा मिनिटांत चमच्याबरोबर अख्खा गोळा उचलला जातो. पिझ्झ्यावरचं मोझरेलाही गार झालं की घट्ट होतं आणि चावताना अख्खा थर एकदम निघून येतो. तव्यावरून थेट पानात आलेल्या भाकरीला जो नियम, तोच इथे: ज्याच्यासमोर आली त्याने सुरू करायचं.

म्हणून ऑर्डर दोन फेऱ्यांत द्या. बसल्यावर एक सूप किंवा सॅलड आणि एक पिझ्झा, तोही मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून घ्यायचा. वेटरला स्पष्ट सांगा, "पास्त्याचं नंतर सांगतो, आत्ता लावू नका." पिझ्झ्याचे शेवटचे दोन तुकडे उरले की पास्ता मागवायचा. इटलीतही जेवण टप्प्याटप्प्याने येतं: आधी तोंडी लावायला काहीतरी, मग पास्ता किंवा रिसोटो, मग मांस-मासळी, शेवटी गोड. तिथे पिझ्झा हे मात्र बहुधा एकट्याचं पूर्ण जेवण असतं. आपण तेवढं काटेकोर व्हायची गरज नाही, पण टप्पे पाळले तर खर्चही आटोक्यात राहतो, कारण दुसऱ्या फेरीला भूक किती उरली ते कळलेलं असतं.

चार मोठ्या माणसांना साधारण एक सूप किंवा सॅलड वाटून, दहा इंची दोन पिझ्झे आणि दोन पास्ते पुरतात. चीज गार्लिक ब्रेड मागवलात तर एक पास्ता कमी करा. तो ब्रेड म्हणजे मैदा, लोणी आणि चीज. पुढे येणाऱ्या पिझ्झ्यातही तेच, आणि पोट तिथेच भरतं. मला विचाराल तर तो पहिल्या भेटीत टाळावा. एका पास्त्यासाठी इटलीत ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता धरतात, शिजून तो दुपटीहून जास्त भरतो. ताटलीत त्याहून फार कमी दिसला आणि वर भाज्यांचा डोंगर असला, तर पुढच्या वेळी काय मागवायचं नाही ते कळलं.

पिझ्झ्याच्या आकारात लोक हमखास फसतात. इंच हे आडवं माप आहे, पोटात जातं ते क्षेत्रफळ. सात इंचीचा वर्ग ४९, दहा इंचीचा १००, बारा इंचीचा १४४. म्हणजे दहा इंची एक पिझ्झा हा सात इंची दोनांएवढा, आणि बारा इंची हा दहा इंचीच्या जवळजवळ दीडपट. दोन छोटे घेण्याआधी एका मोठ्याचा भाव बघा. अर्धा-अर्धा टॉपिंग बहुतेक ठिकाणी करून देतात, विचारायचं तेवढं.

वेळेचंही थोडं. रविवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ या तासात जाऊ नये. भट्टीच्या तळाच्या दगडावर एकामागून एक पिझ्झे पडले की दगड गार होत जातो आणि पुन्हा तापायला सवड मिळत नाही. मग वरचं चीज वितळतं, खालचा रोटा, म्हणजे पिझ्झ्याची पोळी, पांढराच राहतो. हॉटेल उघडल्या उघडल्या पहिला पिझ्झाही तसाच निघतो, कारण भट्टी पुरती तापलेली नसते. आठवड्यातल्या साध्या दिवशी सव्वासात-साडेसातला गेलात तर तोच आचारी तोच पिझ्झा जास्त चांगला काढतो.

मेनूत काय काय असतं

नावं लांबलचक असली तरी सॉस चार-पाचच. रेड म्हणजे टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह ऑइल. त्यात सुकी लाल मिरची तेलात परतली की आराबियाता. व्हाइट वर सांगितला तसा. पिंक म्हणजे या दोघांचं मिश्रण, ते आपल्याकडे फार चालतं. आग्लिओ ए ओलिओत सॉस असा नसतोच, फक्त तेल, लसूण, मिरची आणि पास्त्याचं पाणी. पेस्तो म्हणजे ताजी बेसिल, लसूण, चीज, तेल आणि चिलगोज्यासारखे पाइन नट्स. ते महाग म्हणून इकडे काजू, बदाम किंवा अक्रोड वापरतात आणि चवीला त्यात काही वावगं नाही.

मेनूतली सगळीच नावं इटलीची नसतात. गार्लिक ब्रेड आणि क्रीम घातलेला आल्फ्रेडो हे अमेरिकेत रूढ झाले. रोममधल्या मूळ आल्फ्रेडोत नुसतं लोणी आणि पार्मेझान. कार्बोनारात क्रीम नसतं. अंड्याचा बलक, चीज, मिरपूड आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. त्यामुळे 'व्हेज कार्बोनारा' असं दिसलं की तो व्हाइट सॉसच समजा आणि कमी भावाचा व्हाइट सॉस मागवा. सीझर सॅलडचा जन्म तर मेक्सिकोतल्या तिहुआनातला.

तिखटाची सवय संकेश्वरी मिरचीची असेल तर आराबियाता मिळमिळीत वाटेल. वरून चिली फ्लेक्स ओतल्याने तो तिखट होतो, चवदार होत नाही. "मिरची तेलातच जास्त परता" असं ऑर्डर देतानाच सांगा. मिरचीचा तिखटपणा आणि रंग तेलात उतरतो, आणि तेलाबरोबर सगळ्या पास्त्याला लागतो.

पहिल्यांदा एखाद्या हॉटेलात गेलात तर साधा मार्गेरिटा पिझ्झा आणि आराबियाता पेने मागवावा. टॉपिंग नसल्यामुळे रोटा, टोमॅटो आणि चीज लपत नाहीत. आराबियातात क्रीम नसल्यामुळे पास्ता कसा शिजवलाय ते लपत नाही. हे दोन जमले तर बाकीचा मेनू विश्वासाने चाळा.

शाकाहारी, जैन, अंडं न खाणारे, वार पाळणारे

आपल्या भागात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एकाच टेबलावर जैन शेजारी, लिंगायत मित्र, गुरुवार पाळणाऱ्या वहिनी आणि चिकन खाणारा दीर बसलेले असतात. मेनूवरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही, काही गोष्टी नेमक्या विचाराव्या लागतात.

चीजपासून सुरू करू. इटलीतून येणारं खरं पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या पदार्थाने) विरजतात. नियमच तसा आहे, त्यात शाकाहारी प्रकार नसतो. भारतात बनणाऱ्या मोझरेलात बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तेव्हा "पार्मेझान घालता का, आणि त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का?" हा प्रश्न थेट विचारा. वेटरला माहीत नसेल तर पाकीट बघून यायला सांगायला संकोच नको. शंका राहिली तर "पार्मेझान नको, मोझरेलाच घाला" एवढं बोलून मोकळं व्हावं.

पुढचं सूप आणि रिसोटोचं. दोन्ही कशात शिजलंय ते विचारा, कारण काही ठिकाणी एकच चिकन स्टॉक सगळीकडे वापरतात. रिसोटोत वाइन पडते, तीही नको असेल तर आधी सांगा. उकळली की सगळा अंमल उडून जातो हा समज खरा नाही. सीझर ड्रेसिंगमध्ये अंड्याचा बलक आणि अँकोव्ही म्हणजे खारवलेली मासळी असते; वूस्टरशर सॉसमध्येही बहुधा तीच असते.

अंडं लपून बसतं ते ताज्या पास्त्यात. पाकिटातला कोरडा पेने, फुसिली, स्पॅगेटी हा बहुधा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच असतो. हॉटेलात 'फ्रेश पास्ता' म्हणून मिळणारा ताल्यातेल्ले, रॅव्हिओली किंवा लझान्याच्या पट्ट्या यांत अंडं असण्याची शक्यता मोठी. गोडात तिरामिसू पारंपरिक पद्धतीने कच्च्या अंड्याचा आणि पुष्कळदा दारूचा. पन्ना कोट्टा दिसायला निरुपद्रवी, पण त्यात जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. चायना ग्रास घालून केलेला असेल तर चालेल, पण विचारल्याशिवाय घेऊ नका.

जैन जेवणाची अडचण अशी की रेड सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात होऊन जातो आणि कांदा-लसूण त्यातच असतो. वेटर "हो, जैन होईल" म्हणतो आणि आतून वरचा लसूण तेवढा वगळला जातो. म्हणून "सॉस वेगळा, ताज्या टोमॅटोचा कराल का?" असं विचारा. नाही म्हणाले तर सॉसशिवाय पिझ्झा मागवा: रोट्यावर ऑलिव्ह ऑइल, टोमॅटोच्या चकत्या, मोझरेला, ढोबळी मिरची, ऑलिव्ह. व्हाइट सॉस ऑर्डरप्रमाणे लावतात, पण सुरुवातीला लोण्यात लसूण टाकायची सवय असते, ती थांबवायला सांगा. टेबलावरच्या ओरेगॅनोच्या पुड्यांत पुष्कळदा कांदा-लसणाची पूड असते. पुडी उलटी करून घटक वाचा. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपात गाजर-बटाटा आणि न्योक्की या पास्त्यासारख्या गोळ्यांत बटाटा, म्हणजे ती दोन्ही बाद. व्हेज स्टॉकही कांदा-गाजरावरच उकळलेला असतो. चातुर्मासात तर आधी फोन करून विचारून जाणं बरं.

आचारी कन्नडिग असेल तर "उळ्ळागड्डी ब्याड, बळ्ळोळ्ळी ब्याड" (कांदा नको, लसूण नको) हे चार शब्द इंग्रजी 'जैन' पेक्षा जास्त काम करतात. वेटर मराठीत मान डोलावतो, के.ओ.टी. इंग्रजीत निघते आणि आत बोलतात कन्नड किंवा हिंदी. या प्रवासात निरोप हरवतो. ऑर्डर घेतल्यावर वेटरकडून परत म्हणवून घ्या.

भट्टी एकच असते, ते टाळता येत नाही. पण पिझ्झा कापायची चकती आणि पाट वेगळा घ्या असं सांगितलं तर ऐकतात. त्याहून सोपं म्हणजे व्हेज पिझ्झा न कापता आणायला सांगून टेबलावर सुरीने कापणं.

आलं की आधी काय बघायचं

पिझ्झ्याची कड काट्याने उचलून तळ बघा. तपकिरी ठिपके हवेत. पांढरा आणि लवचीक असेल तर भट्टी गार होती. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी ४३० ते ४८० अंश सेल्सिअसला असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत निघतो, त्यामुळे मऊ असूनही तळ भाजलेला असतो. आपल्याकडच्या विजेच्या भट्ट्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. तेव्हा पातळ रोटा आणि मोजकं टॉपिंग घेण्यात शहाणपण. मधोमध पाणी साचलं असेल तर दोष मश्रूम, टोमॅटो, अननस असल्या पाणी सोडणाऱ्या गोष्टींचा. चारच्या ऐवजी दोन टॉपिंग सांगा. मध्यभाग कोरडा राहील.

पास्त्याचा एक तुकडा दातांनी तोडा. मध्यभागी किंचित विरोध लागला पाहिजे. चमच्याने दाबताच फुटत असेल तर तो सकाळी पूर्ण शिजवून, तेल चोळून फ्रिजमध्ये ठेवलेला आहे. तेलामुळे सॉस धरत नाही, म्हणून ताटलीच्या तळाशी सॉसचं तळं आणि वर कोरडा पास्ता असं दिसतं. हे ऑर्डर देतानाच "पास्ता जरा कमी शिजवा" सांगून थोडंफार टळतं. चव सपक असेल तर केचप मागण्याआधी कारण समजून घ्या: उकळत्या पाण्यात लिटरला साधारण दहा ग्रॅम मीठ हवं, ते घातलेलं नसतं. वरून भुरभुरलेलं मीठ आत शिरत नाही. त्यापेक्षा किसलेलं चीज किंवा लिंबाची फोड मागा.

ज्या ड्युरम गव्हापासून हा पास्ता होतो तो आपल्या उत्तर कर्नाटकातही पिकतो, आणि खीर-लापशीला लागणारी आपली खपली इटलीत फार्रो नावाने सूपात आणि सॅलडमध्ये घालतात. मेनूत फार्रो दिसलाच तर तो आयात केलेला काहीतरी चमत्कार समजून जास्त पैसे मोजायला नकोत.

रिसोटोची परीक्षा सोपी. ताटली किंचित कलती करा. तो हळूच पसरला पाहिजे. ढिगारा तसाच उभा राहिला तर तो बराच वेळ थांबलेला आहे. त्याला आर्बोरियो किंवा कार्नारोलीसारखा आखूड, जाड, चिकट स्टार्चचा तांदूळ लागतो. बेळगावचा वासाचा तांदूळ मसालेभाताला राजा असला तरी इथे उपयोगाचा नाही.

परत पाठवायचं तर पहिल्या दोन-तीन घासांत. अर्धी ताटली संपवून तक्रार केली की कुणी मनावर घेत नाही, आणि खरं म्हणजे घेऊही नये. काय चुकलं ते नेमकं सांगा: "तळ कच्चा आहे, दोन मिनिटं परत भट्टीत घाला."

खाताना

पिझ्झा हाताने खा. स्पॅगेटीसाठी काट्यात तीन-चारच दोरे पकडा, काट्याचं टोक ताटलीच्या कडेला टेकवून जागच्या जागी फिरवा, एका घासाची गुंडाळी झाली की उचला. लोक एकदम दहा-बारा दोरे पकडतात आणि मग गुंडाळी लिंबाएवढी होते. चमच्याची गरज नाही. लहान मुलांना आणि हात थरथरणाऱ्या आजी-आजोबांना पेने किंवा फुसिली द्या. दात नसलेल्यांना पातळ कुरकुरीत पिझ्झा नको. लझान्या किंवा रिसोटो सोयीचा. ताटलीतला उरलेला सॉस ब्रेडने पुसून खाल्ला तर इटलीतल्या घरांतही तेच चालतं.

बिल

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर १८ टक्के लागू शकतो. छोटं हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापावं लागतं. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. बिलात दिसला तर काढायला सांगा. वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बसल्या बसल्या बाटलीबंद पाणी उघडून ठेवतात, साधं हवं असेल तर झाकण फिरण्याआधी बोला.

उरलेलं बांधून नेताना

खानापूर किंवा निपाणीपर्यंत न्यायचं असेल तर लझान्या उत्तम टिकतो, पिझ्झा बरा, व्हाइट सॉस पास्ता नकोच. पिझ्झ्याच्या खोक्याचं झाकण पहिली पाच मिनिटं थोडं उघडं ठेवा, नाहीतर वाफेने रोटा ओला होतो. घरी मायक्रोवेव्हपेक्षा तवा चांगला: मंद आचेवर कोरड्या तव्यात तुकडा ठेवायचा, दोन मिनिटांनी कडेला पाण्याचे चार थेंब शिंपडून झाकण लावायचं, आणखी दोन मिनिटांत चीज वितळतं आणि तळ कुरकुरीत राहतो. रेड सॉसचा पास्ता गरम करताना दोन चमचे पाणी घाला. व्हाइट सॉसचा आणलाच असेल तर पाण्याऐवजी दूध घाला, आणि आच मोठी करू नका, तळाला लागतो.